एकदा सरळ, एकदा उलट

हैदराबादेत मला खोली मिळाली ती पंक्चरच्या जोरावर. इतरांना ती पगाराच्या कागदावर मिळत असेल, ओळखीवर किंवा शाकाहारावर मिळत असेल. जामबागेतल्या त्या घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही, लग्न झालंय का हेसुद्धा नाही. अंगणात तांब्याचं मोठं घंगाळ पाण्यानं भरून ठेवलेलं होतं आणि शेजारी एक सायकल सीट-हँडलवर उलटी उभी होती. तिच्या मागच्या चाकात हवा नव्हती. मालक पायरीवर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "करा."

"काय करू?"

"पंक्चर काढा. त्याशिवाय दुसरं काय करतात सायकल उलटी असली की?"

माझ्याआधी सतरा जण या परीक्षेत नापास झाले होते. आकडा माझा आहे, थोडा फुगला असेल. पण एक बँकवाला हात झटकत, डोळे पुसत गेला हे खरं. मालकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनीच, नंतर सांगितलं. मी पुण्याचा. आमच्या आजोबांच्या काळी गावाला सायकलींची ख्याती होती, त्या शिल्लक पुण्याईवर मी बाह्या सारल्या आणि पाऊण तासात पंक्चर काढून हवा मारून मोकळा झालो. मालकांनी चाक फिरवलं, अंगठ्यानं दाबलं आणि मी बसवलेला टायर पुन्हा उपसला. आत बोट घालून हळूहळू गोल फिरवत गेले. एका जागी थांबून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आत फुरसं आहे. नखानं त्यांनी एक बाभळीचा काटा बाहेर ओढला. तो त्यांनीच सकाळी रुतवून ठेवलेला होता. माझ्या आठवणीत तो काटा वीतभर लांब आहे.

"ट्यूब दुरुस्त केलीत," ते म्हणाले. "काटा घरात ठेवलात."

मी बॅग उचलली. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "राहू द्या हो त्याला. पाऊण तास उन्हात बसलं लेकरू, हूं की चूं केलं नाही. तुम्ही मला लग्नात किती वेळ बसवलं होतं, ते सांगू का त्याला?"

मालकांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि मला जिन्याकडे बोट दाखवलं.

ते मराठी शाळेत गणित शिकवायचे. मी गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीतली आम्ही मराठी माणसं त्यांना मास्तर म्हणायचो, बाकीच्यांचे ते 'पंक्चर साब'. नवखी माणसं दुकान समजून गाडी ढकलत यायची. मास्तर त्यांना पायरीवर बसवत, पुढ्यात घंगाळ ओढत आणि शिकवायला सुरुवात करत. स्वतः हात लावत नसत. ऑफिसला निघालेली माणसं तासाभरानं काळ्या बोटांनी बाहेर पडत, पुन्हा गल्लीत फिरकत नसत. एकदा स्कूटीवाली एक तेलुगू मुलगी आली आणि म्हणाली, "सार, ये तो ट्यूबलेस है." मास्तर त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत. एक दिवस म्हणा, पण त्या दिवशी भात तरी नक्कीच खाल्ला नाही.

त्यांच्या स्वतःच्या सायकलच्या ट्यूबमध्ये मूळचं रबर किती होतं हा संशोधनाचा विषय होता. प्रत्येक ठिगळावर बॉलपेनानं नंबर. मी एकदा मोजायला बसलो आणि एकोणचाळिसावर दमलो. मास्तर म्हणाले, "ही एक बाजू झाली." नवी ट्यूब घ्या म्हटलं तर ते दुखावत. टायर उपसायला ते काकूंच्या दोन पितळी पळ्यांचे दांडे वापरत, आणि त्या घरात वरणाला सोल्यूशनचा वास येतो ही काकूंची तक्रार होती. मी तिथं असंख्य वेळा जेवलो. वास यायचा.

इतरांच्या घरात काचेच्या कपाटात बाहुल्या असतात, ताजमहाल असतात. मास्तरांच्या कपाटात काडेपेट्या होत्या. आजवर टायरातून निघालेली प्रत्येक वस्तू एकेका काडेपेटीत, आणि वर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर तीन गोष्टी: वस्तू, जागा, दोष. चपलेचा खिळा, सुलतान बाजार, दोष: रस्ता. बांगडीची काच, मूसा नदीच्या पुलावर, दोष: मी (बघत होतो पाण्याकडे). पाहुणा आला की आधी कपाट, मग चहा. माझ्याही नावाची पेटी दर्शनी भागात होती. बाभळीचा काटा, अंगण, दोष: पुणेकर. पाहुण्याला ती दाखवताना मास्तर मला मुद्दाम वरून हाक मारून बोलावत.

"आपला माणूस पंक्चर झालं की रस्त्याला शिव्या देतो," ते म्हणत. "रस्ता काय उठून टायरात शिरतो? अर्ध्याहून जास्त वेळा दोष बोटाचा असतो. भोक सापडलं की माणसाला इतका आनंद होतो की तो पुढे बघतच नाही."

बोटाचं त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. काटा-खिळा कुणालाही सापडतो. खरी हरामखोर ती तार. लॉरीचे टायर फुटतात, त्यांच्यातल्या पोलादी तारांचे तुकडे रस्त्यावर पसरतात, केसाएवढे बारीक. असा तुकडा सायकलच्या टायरात तिरका शिरतो. आतून बोट फिरवलं तर एका दिशेनं तो बोटाखाली झोपतो, कळतसुद्धा नाही. उलट दिशेनं गेलं तरच टोचतो. म्हणून बोट एकदा सरळ फिरवायचं, एकदा उलट. मी टायर हातात घेतला की पायरीवरून प्रश्न यायचा, "दोन्हीकडून?" पुढे पुढे तो सगळ्याच गोष्टींना यायला लागला. मी गेटला कुलूप लावलं की, "दोन्हीकडून बघितलंस?" काकू तव्यापाशी असल्या की, "दोन्हीकडून भाजली ना?"

"नाही," काकू म्हणायच्या. "एकीकडून कच्ची ठेवली. तुमच्यासाठीच करायलेय ती."

ही सगळी बोटाची भानगड लग्नापासूनची. मास्तरांचं लग्न काकूंच्या गावी होतं. नवरदेवाची एसटी चुकली, तेव्हा त्यांनी फाट्यावरून कुणाची तरी सायकल मागून घेतली. वाटेत पंक्चर. तिठ्यावरच्या माणसानं ठिगळ लावून दिलं, काटा तसाच ठेवला. दोन मैलांवर चाक पुन्हा बसलं. पुढे नवरदेव सायकल हातात धरून चालत. मास्तर म्हणत वीस मिनिटं उशीर झाला, काकू म्हणत दोन तास. माझ्या मते वऱ्हाडी जेवून झोपले होते आणि काकूंच्या मामांनी पंगतीत दुसरा मुलगा हेरूनही ठेवला होता. पण एवढं दोघांनाही मान्य होतं की घामाघूम होऊन मांडवात आल्यावर मास्तरांनी अंतरपाटाच्या अलीकडूनच सांगितलं, "पुन्हा वाट बघायला लावणार नाही. आणि माझ्या चाकाला पुन्हा दुसऱ्याचा हात लावू देणार नाही."

"पहिलं वचन मला दिलं आणि दुसरं सायकलला," काकू म्हणायच्या. "पण पाळलं हो दोन्ही. शाळा सुटली की पाच दहाला दारात. गल्लीतले लोक घड्याळं लावून घ्यायचे."

हे मात्र मी वाढवलेलं नाही. काकूंनी वाढवलं असेल तर माहीत नाही.

मी तिथं राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या वर्षी काकूंना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग बसल्या जागी. शेवटी दिलसुखनगरच्याही पुढे एका दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून त्यांना आयसीयूत हलवलं. भेटायची वेळ चार ते साडेचार, एकाच माणसाला. तोंडावर मास्क. आजूबाजूला कुणाला मराठी येत नाही. पहिल्या दिवशी मास्क सरकवून त्या मास्तरांना म्हणाल्या, "चारला या. समोरच घड्याळ आहे. पडल्या पडल्या मला तेवढंच दिसतं."

"येतो," मास्तर म्हणाले.

एकोणीस दिवस ते चारला वीस मिनिटं असताना तिथं हजर होते. सायकलवर. मी म्हटलं, मास्तर, मेट्रो आहे, मी गाडी बुक करून देतो. ते म्हणाले, "मेट्रोत बसलो की वेळ मेट्रोच्या हातात. सायकलवर माझ्या हातात." मागे कॅरियरला पंप, पुढे पिशवीत पळ्यांचे दांडे, सोल्यूशन, ठिगळं. रस्त्यात पंक्चर झालं तर त्यांचा हिशोब पक्का होता. चाक न काढता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अकरा मिनिटं. म्हणून ते नेहमी वीस मिनिटं आधी निघत.

विसाव्या दिवशी दुपारी ते जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. हाक मारायचे, मी खाली जायचो. सकाळी ते रिपोर्ट आणायला गेले होते, येताना मागचं चाक बसलं होतं. दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर. किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे.

"पुणेकर, आज तू काढ," ते म्हणाले. "मी तासभर पडतो."

मी त्या दिवशी घरूनच कामावर होतो. लॅपटॉप घेऊन अंगणात आलो, पायरीवर ठेवला, एका कानात मीटिंग चालू. घंगाळात ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, भोक सापडलं, घासलं, ठिगळ लावलं. टायरात बोट घातलं आणि फिरवलं. काही लागलं नाही. बोट उलट फिरवायला सुरुवात करणार तेवढ्यात कानात माझं नाव आलं. मी हात पँटला पुसला, म्यूट काढला आणि तिकडच्या माणसाला सांगितलं की हो, सगळं तपासून झालंय. त्याला मी कुठल्या तरी रिपोर्टबद्दल सांगत होतो. मग ट्यूब आत बसवली आणि हवा मारली.

तीन वाजता मास्तर धुतलेला सदरा घालून आले. अंगठ्यानं चाक दाबलं.

"बोट फिरवलंस?"

"फिरवलं."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

मी आयुष्यभर खोटं बोलत आलोय, ऐकणाऱ्याला मजा यावी म्हणून. माझ्या खोट्याला झालर असते, घुंगरू असतात. हे एवढं एकच असं निघालं, कोरडं, एका शब्दाचं. मास्तरांनी टायर उपसून बघितला नाही. माझ्या हातचं काम त्यांनी तपासलं नाही असं त्या घरात आधी कधीच झालं नव्हतं. सायकलवर बसले आणि गेले.

पुढचं मला आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्यानं सांगितलं. तो मलकपेटहून येत होता. मेट्रोच्या खांबाखाली त्याला सायकल उलटी दिसली, शेजारी मास्तर फुटपाथवर बसलेले.

"मैं ऑटो बाजू को लगाया," तो म्हणाला. "बोला साब, आ जाओ, छोड़ देतूं, सायकल शाम को मैं लातूं. नक्को बोले. ग्यारा मिनट का काम है बोले. घड़ी निकाल के घुटने पे रख लिए."

"मग?"

"फिर टायर में उंगली फिराए. एक बार. फिर उल्टा फिराए, तो रुक गए. वैसेच बैठे रहे साब. मैं पूछा, क्या हुआ? बोले, कुछ नै, तार है. बोला, चलो ना साब, टाइम हो रा. सुनेच नै. ट्यूब गोद में लेके देख रे थे."

ट्यूब मी नंतर पाहिली. माझं ठिगळ आणि त्यांचं नवं ठिगळ यांच्यात नखाएवढंही अंतर नव्हतं.

किती वेळ ते तसे बसले, ऑटोवाल्याला सांगता येईना. बोहोत देर, एवढंच म्हणाला. ठिगळ त्यांनी अकरा मिनिटांतच लावलं असणार. पण आयसीयूच्या दाराशी ते पोचले तेव्हा साडेचार होऊन गेले होते आणि दारावरच्या माणसानं नियमाप्रमाणे उद्या या म्हणून सांगितलं. मास्तरांनी वाद घातला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पहाटे त्यांना आत बोलावलं तेव्हा भेटण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा एक मल्याळी नर्स त्यांना काकूंच्या बांगड्या रुमालात बांधून देत होती. "अम्मा कल घड़ी देखता था," ती म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली. मास्तरांनी रुमाल घेतला, दोन्ही हातांनी.

चौदावा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जिना चढून वर आले. हातात रिकामी काडेपेटी, कागदाची पट्टी आणि पेन. माझ्या खाटेच्या काठावर बसले. खिशातून कागदाची पुडी काढून त्यातलं काहीतरी त्यांनी पेटीत टाकलं आणि झाकण सरकवलं.

"लिही. माझा हात हलतो."

मी पट्टी घेतली.

"वस्तू, तार," ते म्हणाले. मी लिहिलं. "जागा, मलकपेट, मेट्रोच्या खांबाखाली." तेही लिहिलं.

मग ते थांबले. शेवटी मलाच विचारावं लागलं. "दोष?"

ते खिडकीतून खाली अंगणात बघत होते. घंगाळ कोरडं पडलं होतं. "पंक्चर तू काढलं होतंस," ते म्हणाले. "तुला माहीत."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो. 'पुणेकर' लिहायला मला काही अडचण नव्हती. त्या नावाची एक पेटी खाली होतीच, हसत हसत दाखवायची. पेन कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता. मी लिहिलं, रस्ता.

त्यांनी पट्टी लांब धरून वाचली. बराच वेळ वाचली. नवा शब्द एकच होता.

"अक्षर चांगलं आहे तुझं," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

पुढे आणखी दोन वर्षं मी तिथं राहिलो. मास्तर सायकल चालवत होते, फार लांब नाही, बाजारापर्यंत. पंक्चर झालं की चाक माझ्यापुढे आणून ठेवायचे. मी काढायचो. ते पायरीवर बसायचे, घड्याळ मनगटातच राहायचं. मी टायरात बोट फिरवायचो, सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ, त्यांना दिसेल असं. बोटं सोलून निघेपर्यंत फिरवायचो. ही अतिशयोक्ती आहे, पण एकदा खरंच रक्त आलं. प्रश्न आला नाही. गेटला कुलूप लावताना आला नाही, भाजी निवडताना आला नाही. एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, दोन्हीकडून फिरवलं हं."

"बरं," ते म्हणाले.

त्यांचं पाहुण्यांना कपाट दाखवणंही बंद झालं. चहा देत, आणि लोक आपले चहा पिऊन जात.

मी नोकरी बदलून दिलसुखनगरला राहायला गेलो तेव्हा त्यांनी मला जुना पंप दिला. त्यानंतर वर्षभरात ते गेले. झोपेत, दुपारी. त्यांचा भाचा घर रिकामं करत होता, त्यानं मला फोन केला. माझ्याच वयाचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी झकास बोलतो, वाचायचं म्हटलं की अक्षराला अक्षर लावत बसतो. काचेचं कपाट उघडून तो काडेपेट्यांपुढे मांडी घालून बसला होता.

"भैया, हे काय जमवलं होतं मामानं? कचऱ्यात टाकू की काय, समजंना." त्यानं एक उचलली. "बा-भ-ळीचा का-टा. अं-गण. दो-ष, पु-णे-कर. हे कोण?"

"मी."

तो मनापासून हसला. मीही हसलो. मग तो एकेक वाचत गेला, मी अडलं तिथं सांगत गेलो. नदी, बांगडी, खिळा, काच. सगळ्यात मागे एक पेटी होती.

"तार. म-लक-पेट." तो थांबला. "हे मामाचं अक्षर नाही वाटत. हे छान आहे."

"माझं आहे."

"दोष, रस्ता," तो वाचून म्हणाला. हे त्याला न अडखळता वाचता आलं. त्यानं पेटी उघडली आणि आत काहीच दिसेना म्हणून तळहातावर उपडी केली. मग मान खाली घालून, डोळे बारीक करून शोधलं. नखाच्या टोकावर ते त्याला सापडलं, पापणीच्या केसाएवढं, एका बाजूनं गंजलेलं.

"एवढीशीच?" तो म्हणाला.

जन्मात मी कुठलीही वस्तू होती तेवढी सांगितली नव्हती.

"एवढीशीच," मी म्हणालो.